दुसऱ्या पृथ्वीवरचा बांध

आमच्या गावचा बांध फुटला असता, तर आज गावाला नवा बांध मिळाला असता. तो फुटला नाही, म्हणून मिळाला नाही. हे मी पुण्यात, दिल्लीत आणि परदेशातल्या एका थंड शहरात शहाण्यासुरत्या माणसांना इंग्रजीतून सांगून पाहिलं. प्रत्येकाने मान डोलावली. इंग्रजीत ते धोरण वाटतं. मराठीत सांगितलं की जेवढा मूर्खपणा आहे तेवढा दिसतो, म्हणून आता मराठीत सांगते आहे.

मी हर्षाली हिराजी घरत. गाव तिनखार, धरमतरच्या खाडीकाठी. आमची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. कोणा एके काळी आमच्या पूर्वजांनी खाडी आणि जमीन यांच्यामध्ये चिखलाचा बांध घातला, आतली जमीन पावसाच्या पाण्याने धुऊन गोडी केली आणि तिच्यात भात पिकवला. बांधाला जागोजागी लाकडी दारं असतात, त्यांना आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला ती उघडतात आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला समुद्रच ती लोटून बंद करतो. खर्च काही नाही, वीज नाही, इंजिनियर नाही. मी स्वतः इंजिनियर आहे म्हणून हे जास्त कौतुकाने सांगते.

या बांधाला भोक पडलं की त्याला खांड म्हणतात. उंदराच्या बिळाएवढी खांड भरतीच्या एका रेट्यात बैलगाडी जाईल एवढी होते, आणि एकदा खारं पाणी शेतात साचलं की पुढची तीन-चार वर्षं तिथे गवतही धड उगवत नाही. त्यामुळे आमच्याकडे एक रिवाज आहे. ‘खांड गेली’ अशी हाक कानावर आली की हातातलं काम टाकायचं, सापडेल ते उचलायचं आणि बांधाकडे धावायचं. भांडण असो, लग्न असो, ताप असो. ज्या घरातून हाक ऐकूनही माणूस आला नाही, त्या घरच्या मयताला गाव खांदा देत नाही. मी लहान असताना एका घराला तसा खांदा दिला नव्हता. त्या घरचा मुलगा आपल्या बापाला हातगाडीवर घालून घेऊन गेला, आणि गाव दारं लावून बसलं. क्रूर आहे, मान्य आहे. पण समुद्रही काही फार मायाळू नाही.

माझी आई सहा वर्षांपूर्वी अशाच एका खांडीत गेली. खांड बुजवताना पाय सरकला आणि वरून ढेकळं आली. तिला बाहेर काढलं तेव्हा खांड बुजलेली होती. शेतात पाणी शिरलं नाही.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे एक यंत्र येणार आहे आणि ते हे लक्षात ठेवत नाही.

त्या यंत्राचं नाव काहीतरी लांबलचक आहे. आम्ही पुण्याच्या केंद्रात त्याला ‘जुळी’ म्हणायचो. ज्या देशांनी दोनशे वर्षं धूर सोडून आभाळ तापवलं, त्यांनी ते ज्यांच्या डोक्यावर तापलं त्यांना काहीतरी द्यावं, यावर परिषदांमागून परिषदा झाल्या. ‘भरपाई’ हा शब्द त्यांना चालेना. भरपाई म्हटलं की गुन्हा आला. मग ‘सहकार्य’ म्हणायचं ठरलं, निधीला ‘समन्याय निधी’ असं गोंडस नाव पडलं, आणि धूरवाल्या देशांनी शेवटची अट घातली: कोणत्या संकटात आमचा वाटा नेमका किती, ते आधी सिद्ध करा. वादळं पूर्वीही येत होतीच की, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणून जुळी बांधली. जुळीच्या पोटात दोन पृथ्व्या आहेत. एक आपली, आहे तशी. तिच्यात उपग्रहांकडून, समुद्रातल्या तरंगत्या यंत्रांकडून, शेताशेतात रोवलेल्या मोजकाठ्यांकडून दर क्षणाला खबर येते. दुसरी पृथ्वी हुबेहूब तशीच, फक्त तिच्यात तो दोनशे वर्षांचा धूर कोणी सोडलेलाच नाही. तिथला समुद्र खाली आहे, पाणी थंड आहे, वादळाला मिळणारी वाफ कमी आहे. एखादं संकट आलं की जुळी दोन्ही पृथ्व्यांवर तेच दिवस हजारो वेळा थोड्याथोड्या फरकाने पुन्हा घडवून पाहते. इकडे पाणी छातीपर्यंत आलं आणि तिकडे कमरेपर्यंत, तर मधलं पाणी धुराचं. तेवढ्या पाण्याने जे नुकसान केलं, तेवढे पैसे निधीने द्यायचे. अर्ज नको, वशिला नको, साहेबाच्या मागे फिरणं नको. यंत्र आकडा काढतं आणि पैसे सुटतात.

मला ते न्यायाचं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, अजूनही त्यातलं गणित मला सुंदर वाटतं. किनाऱ्यांचा भाग मीच पाहायचे. आमच्याच खाडीचा आकार तिच्यात पहिल्यांदा नीट बसला, तेव्हा मी केंद्रात पेढे वाटले होते.

पण गणितात एक मेख होती. जुळीला नुकसान दिसतं. टळलेलं नुकसान दिसत नाही.

मानखोल म्हणजे आमच्या शेजारचं गाव. तिथली तरणी माणसं नोकऱ्यांना बाहेर गेलेली, बांधावर धावायला म्हातारेच उरलेले. त्यांचा बांध फुटला, दोन भरत्या पाणी शेतात राहिलं, आणि महिन्याभरात निधीचे पैसे आले. आता मानखोलला दगडी तोंडाचा, दीड पुरुष उंच बांध आहे आणि पोलादी उघाड्या आहेत. मला मानखोलचा हेवा नाही. पण त्यांच्या बांधाला आपटलेलं पाणी वळून आमच्या चिखलाच्या बांधावर येऊ लागलं, आणि आमचा बांध वर्षभरात पाच ठिकाणी खचला. पाचही वेळा गाव धावलं, पाचही वेळा खांड बुजवली. जुळीच्या लेखी तिनखारमध्ये काही घडलंच नाही.

सरकारकडे गेलो, तर साहेब म्हणाले, निधी आहे ना, त्यांच्याकडे जा. निधीत नुकसान होण्याआधीच बांधासाठी पैसे देणारी खिडकी होती, ती पैसे संपून कधीच बंद झाली होती. उरली होती ती नुकसानीची खिडकी. तिचा नियम असा की शेतात गुडघाभर पाणी सलग दोन भरत्या राहिलं पाहिजे.

मी माझ्या वरिष्ठांशी बोलले. मार्टिन त्यांचं नाव, त्या थंड शहरातल्या मुख्य कार्यालयात बसतात. सज्जन माणूस आहे. अशा सज्जनांचाच मला जास्त संताप येतो, कारण त्यांच्यावर ओरडताही येत नाही.

“लोक जे श्रम करतात ते मोजा,” मी म्हटलं. “दुसऱ्या पृथ्वीवर ही माणसं त्या दुपारी घरी झोपलेली असतात. इथे ती गळ्याएवढ्या चिखलात उभी असतात. हा फरक धुराचाच आहे ना?”

“श्रम म्हणजे नुकसान नव्हे, हर्षाली,” पडद्यावरून ते हळुवारपणे म्हणाले. “ती तुमच्या लोकांची क्षमता आहे. आम्हाला तिचा फार आदर वाटतो.”

“माझी आई त्या क्षमतेत मेली.”

ते खरोखर कावरेबावरे झाले. चष्मा काढला, पुसला. “मला फार वाईट वाटतं. पण यंत्राच्या दृष्टीने त्या दिवशी...”

“काही घडलंच नाही.”

“बांध टिकला होता,” ते म्हणाले.

मी पडदा बंद केला आणि त्याच संध्याकाळी गावची गाडी पकडली.

गावात शाळेच्या पटांगणात सभा भरली होती. सरपंच माझा चुलतभाऊ, जगदीश. जगूदादा गावातला सगळ्यात चांगला बांधकरी. चिखलात उतरला की चार माणसांचं काम एकटा करतो. तोच उभा राहून बोलत होता.

“बांध फुटला तर पैसा, टिकला तर शाबासकी. शाबासकीनं उघारी बांधता येतं काय? मानखोलवाले झोपले आनी तरले. आमी जागे ऱ्हायलो आनी बुरतंव. मी सांगतो, येत्या मोठ्या भरतीला कोनी जावाचा नाय. फुटू दे एकदाचा. तीन वर्सं भात नाय पिकनार, नको पिकू दे. पन मंग बांध येल. नायतर धा वर्सांनी गावच नसल.”

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. “बाय, तू सांग. त्या यंत्राला कलेल काय, आमी मुद्दाम नाय गेलो त्ये?”

माझ्या नोकरीच्या करारात स्पष्ट लिहिलं होतं की यंत्राच्या निकषांबद्दल लाभार्थ्यांशी बोलायचं नाही. मी म्हटलं, “नाय कलनार. यंत्र मागची वर्सं बघतं. बांध नीट ठेवलेला होता का, एवढंच. मानसं धावली का नाय, त्याला दिसत नाय. त्यानं कधी बगितलंच नाय तिकरं.”

माझे बाबा, हिराजी घरत, भिंतीला टेकून बसले होते. बांधाचे म्होरके तेच. कुठे माती घालायची, कुठे पेंढा, कोणी कुठे उभं राहायचं, हे तेच सांगतात. सगळे त्यांच्याकडे वळले.

“मी काय बोलू?” बाबा म्हणाले. “माजी बायकू त्याच बांधात हाय. पन जगू खोटा नाय बोलत.”

मग गावदेवीसमोर नारळ ठेवला आणि प्रत्येक घरातल्या एकाने त्यावर हात ठेवून शपथ घेतली: हाक आली तरी धावायचं नाही. आमच्या घरातून बाबांनी हात ठेवला. त्यांचा हात मी इतका हळू हललेला कधी पाहिला नव्हता.

मोठी भरती सर्वपित्री अमावस्येला होती. अमावस्या-पुनवेची भरती आमच्याकडे भर दुपारी येते, आणि त्या दिवसांतली वर्षात सगळ्यात थोर. त्यात अरबी समुद्रात वादळ उठलं होतं. किनाऱ्याला धडकणार नव्हतं, लांबूनच उत्तरेला जाणार होतं, पण पाणी आमच्या खाडीत ढकलणार होतं. जुळीने दोन दिवस आधीच सांगितलं होतं की बांध फुटण्याची शक्यता दाट आहे. निधीच्या कार्यालयात आमच्या नावाचा पैसा तयारही झाला असेल. यंत्र फार कार्यक्षम आहे.

सर्वपित्रीला घरोघर पूर्वजांची पानं वाढतात आणि कावळ्याची वाट पाहतात. तिनखारमध्ये आणखी एक पान असतं. जी माणसं बांधावर गेली, त्यांचं पान बांधावरच ठेवायचं. यंदा मात्र कोणी बांधाकडे फिरकायचंच नाही असं ठरलेलं. सगळं गाव घरात बसून होतं. शेतात भात निसवून लोंब्या भरत आल्या होत्या, आठ-पंधरा दिवसांत पिवळा झाला असता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

मी आणि बाबा ओट्यावर बसलो होतो. समोर आजा-आजीची पानं. वडे, खीर, भाजी, सगळं आईच्याच पद्धतीने मी केलं होतं आणि खीर जरा लागली होती. वारा असा सुटला होता की कावळा बसणंच शक्य नव्हतं. लांबून खाडीचा आवाज येत होता. बाबा त्या आवाजाकडे कान लावून होते आणि लावला नसल्याचं दाखवत होते.

“तुज्या आयचा पान ऱ्हायला,” ते एकाएकी म्हणाले.

“बाबा, ठरलाय ना.”

“बांध बुजवाला नाय जाताव. पान ठेवाला जाताव. पान ठेवू नको असा कोनी नाय बोलला.”

त्यांनी केळीचं पान वाढून घेतलं, वर दुसरं पान झाकलं आणि निघाले. मी अडवलं नाही. मीही मागे गेले, पण बांधाजवळच्या शेवटच्या घरापाशी थांबले, कारण मला त्या जागेकडे बघवत नाही. वाटेतल्या प्रत्येक घराच्या दारात माणसं बसली होती आणि बाबांच्या हातातलं पान बघून मान खाली घालत होती.

बाबा बांधावर चढले. पाणी बांधाच्या माथ्याला लागलं होतं. त्यांनी वाकून पान ठेवलं, आणि वाकलेलेच राहिले. आतल्या उतारावर, आई गेली त्या जागेपासून दहा पावलांवर, ओली माती गुळगुळ करत होती. मग ती बसली आणि तिच्यातून पाण्याची मनगटाएवढी धार उसळली.

मी बाबांकडे पाहत होते. त्यांनी तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. खरंच धरलं, मी साक्षीला आहे. धार मांडीएवढी झाली. त्यांनी हात खाली घेतले.

“खांड गेली रंऽऽ! खांड गेलीऽऽ!”

सत्तरीच्या माणसाच्या छातीत एवढा आवाज कुठून आला, कोण जाणे. मला वाटलं होतं, आता गाव काय करतं ते मी बघेन. पण मी बघितलंच नाही, कारण मी धावत होते. माझ्या हातात त्या घराच्या ओट्यावरचा बसायचा पाट होता. तो मी कधी उचलला, मला आजही सांगता येत नाही. वळून पाहिलं तर सगळं गाव येत होतं. सगळ्यांत पुढे जगूदादा. त्याने घराचं दार बिजागऱ्यांसकट उपटून डोक्यावर घेतलं होतं, आणि तो धावता धावता रडत होता आणि बाबांना शिव्या घालत होता.

“म्हातारा कुनाला हाक मारतंय! मी शपथ घेतल्ली! मी सगल्यांना शपथ घाल्ली!”

“दार आरवा धर!” बाबा ओरडले. “बोलनं मंग!”

त्याने दार आडवं धरलं. त्यामागे पोती, पेंढा, गाद्या, कोणाची तरी नवीकोरी कपाटाची दारं. त्यामागे माणसं, हातात हात अडकवून, पाठ पाण्याला लावून. खांद्यांच्या मागून पाणी रेटत होतं आणि पुढून बाया ढेकळं लावत होत्या. पाट मी कुठे लावला आठवत नाही. दाराच्या फळीखाली जगूदादाचा पाय सापडून मोडला. तो आवाज मी ऐकला, पण ओहोटी लागेपर्यंत तो जागचा हलला नाही. आईचं पान केव्हाच वाहून गेलं होतं, खिरीसकट.

खांड बुजली. शेतात घोट्याएवढं पाणी आलं आणि उघाडीतून निघून गेलं.

सगळे चिखलात बसून राहिलो. कोणी आनंदाने ओरडलं नाही. आपण आपल्याच पायांवर धोंडा पाडून घेतला, हे प्रत्येकाला कळत होतं, आणि पुन्हा हाक आली तर पुन्हा धावू हेही कळत होतं. जगूदादाला उचलायला आलेल्यांना तो म्हणाला, “आता मी मेलो तर खांदा द्या. येवराच फायदा झाला.”

पुण्याला परत आल्यावर मी एक गोष्ट केली. जुळीवर ती दुपार पुन्हा चालवली. आधी आपली पृथ्वी पाहिली, मग दुसरी. दुसऱ्या पृथ्वीवर तिनखारचा बांध होता. तिथेही वादळ लांबून गेलं. खाडीचं पाणी बांधाच्या माथ्याखाली हातभर अंतरावर थांबलं, जरा वेळ रेंगाळलं आणि उतरलं. शेत हिरवंगार. मी सहा वर्षं मागे गेले आणि आईची ती दुपार चालवली. तिथेही पाणी हातभर खालीच थांबलं. बांधावर कोणी नव्हतं. जुळीत माणसं दाखवण्याची सोयच नाही, पण मी घराची जागा शोधून काढली, आणि पडद्यावरच्या त्या ठिपक्याकडे कितीतरी वेळ बघत बसले. तिथे ती जेवून, भांडी घासून, जरा आडवी झाली असणार. सहा वर्षांचा सगळा राग त्या ठिपक्याने एकदम वर काढला. जे मला दिसत होतं ते सगळं यंत्रातच होतं. त्यांना ते मोजायचं नव्हतं, एवढंच.

निधीचा निकाल आला. नुकसान: नाही. शेरा: गाव सक्षम, साहाय्याच्या यादीतून वगळावं. आणि त्यासोबत मार्टिन यांचा उत्साहाने भरलेला निरोप. उपग्रहाने ती दुपार टिपली होती आणि ती चित्रफीत बघून मुख्य कार्यालयातल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनखारला यंदाचा ‘सक्षम समाज’ सन्मान द्यायचं ठरलं होतं. वार्षिक परिषदेत. म्होरक्याने स्वतः यावं, विमानाचा, हॉटेलचा, गरम कपड्यांचा सगळा खर्च निधी करेल. सोबत दुभाषा म्हणून मुलगी चालेल.

त्या खर्चात आमची एक उघाडी झाली असती. मी नाही म्हणणार होते. बाबा म्हणाले, “जाऊ. ती मानसं तरी बगू. त्यांना कोनी सांगितलाच नसल.”

त्यांचा खरोखर तसा समज होता. माणसाला कळलं की माणूस येतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं.

सभागृह प्रचंड होतं. शंभर-दीडशे देशांची माणसं, प्रत्येकाच्या कानात भाषांतराचं यंत्र. बाबांना पुण्यात घेतलेला स्वेटर टोचत होता. मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर ती चित्रफीत दाखवली: वरून मुंग्यांएवढी दिसणारी माणसं, सगळ्या घरांतून निघून एका ठिकाणी गोळा होणारी, आणि पाण्याची करडी जीभ त्यांच्यापाशी येऊन थांबणारी. खाली संगीत घातलं होतं. जगूदादाचा पाय मोडला त्या क्षणी सनया वाजत होत्या. मग मार्टिन यांनी बाबांच्या हातात सन्मानचिन्ह म्हणून काचेचा एक पंजा दिला आणि दोन शब्द बोलायची विनंती केली.

बाबांच्या कॉलरला माइक लावला होता. त्यांनी पंजा समोरच्या टेबलावर ठेवला. पडद्याकडे पाहिलं, समोरच्या माणसांकडे पाहिलं. मला वाटलं, घाबरले. मी उठणार तेवढ्यात त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

“खांड गेली रंऽऽ! खांड गेलीऽऽ! धावाऽऽ!”

माझं अंग आपोआप उठलं. मी खुर्ची सोडून दोन पावलं पुढे गेलेही होते. भाषांतराच्या यंत्राने आपलं काम चोख केलं, माझ्याही कानात ते स्वच्छ ऐकू आलं: बांध फुटला आहे, धावा. इंग्रजीत, फ्रेंचमध्ये, चिनीत, अरबीत, ज्याच्या त्याच्या भाषेत. ऐकू आलं नाही असा एकही माणूस त्या सभागृहात नव्हता.

आणि सगळे उठले. रांगांमागून रांगा उभ्या राहिल्या. बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी विसरणार नाही. ते वळून कडेला सरकले, बांधावर वाट करून देतात तसे.

मग टाळ्या सुरू झाल्या.

कितीतरी वेळ त्या चालल्या. बाबा थांबले होते. टाळ्या संपल्या की निघतील, असं त्यांना बहुतेक वाटत होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“उठलं व्हतं ना गं सगलं?”

“हो बाबा.”

“मंग?”

“टाल्या वाजवाला उठलं.”

काचेचा पंजा त्यांनी टेबलावर होता तिथेच राहू दिला. पायऱ्या उतरून आले आणि माझा हात धरला.

“चल,” ते म्हणाले. “ह्यांच्या मयताला आपला खांदा नाय.”

कॉलरचा माइक कोणी काढला नव्हता. ते वाक्यही यंत्राने प्रत्येकाच्या कानात, प्रत्येकाच्या भाषेत, बिनचूक पोचवलं. आम्ही दारापर्यंत गेलो तोवर टाळ्या थांबल्या होत्या.